राखून ठेवलेली कणसं

१८ नोव्हेंबर १९७९, रविवार. सकाळी

आजपासून नाही म्हणायचं. निर्णय पक्का.

चहाच्या वेळीच कोकिळाला सांगितला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कप विसळायला घेतला. बायकांना मोठ्या गोष्टी पचायला वेळ लागतो.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. विहिरीजवळच्या पट्टीत हुरड्याची गोड ज्वारी आहे. इकडे तिला वाणी म्हणतात. बियाणं सासूबाई मनकर्णाबाईंचं. त्या गेल्या, समुद्रपूरच्या मेहुण्यानं सगळं रान हायब्रीडला दिलं आणि त्यांची वाणी उरली ती फक्त आमच्याकडे. आमच्या गावातही आता जिकडेतिकडे हायब्रीड. हायब्रीडचा हुरडा म्हणजे भिजवलेला खडू. त्यामुळे थंडी पडली की आर्वीपर्यंतचा अर्धा तालुका आमचा नातेवाईक होतो. गेल्या वर्षी पाहुण्यांनी पट्टी अशी खाल्ली की बियाण्याला मूठभर दाणे राहिले. तेच यंदा पेरले आहेत. कोकिळा म्हणाली, आता हेबी गेलं त माह्या मायचं काई राहत नाई.

मी शब्द दिला आहे. यंदा एकाही माणसाला हुरड्याला हो म्हणणार नाही. लोक मुळात हावरट. त्यांना कोणी तरी शिस्त लावायलाच हवी होती.

१९ नोव्हेंबर. दुपारी, शाळेत

प्रॅक्टिस सुरू. सातवी ब मधल्या एका पोरानं विचारलं, पाणी प्यायला जाऊ का? नाही. दुसऱ्यानं विचारलं, खिडकी लावू का? नाही. तिसऱ्यानं काहीच विचारलं नव्हतं, त्यालाही नाही. आवाज छान लागतो. वर्ग चिडीचूप.

घरी आल्यावर कोकिळा म्हणाली, चाळणी फाटली, नवी पाह्यजे. ताबडतोब नाही म्हणालो, कारणही दिलं नाही. पर्सनॅलिटी आपल्यात होतीच, इतकी वर्षं वापरली नाही एवढंच.

२१ नोव्हेंबर

शेजारच्या नत्थूजींचं नाही म्हणणं आज जवळून पाहिलं. भजनी मंडळाची माणसं त्यांची बैलगाडी मागायला आली होती. नत्थूजी ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. म्हणाले, नाई जमत. माणसं म्हणाली, काऊन जी? म्हणाले, नाई जमत. आणि पुन्हा सुपारी. कारण नाही, दिलगिरी नाही. माणसं खुशाल त्यांच्याकडची सुपारी खाऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून गेली.

याला संस्कारांचा अभाव म्हणतात. आपलं नाही सुशिक्षित माणसाचं असेल. समोरच्याला नाही ऐकूनसुद्धा बरं वाटलं पाहिजे. त्यासाठी आधी थोडं हो म्हणावं लागेल, ते ओघानंच आलं.

२३ नोव्हेंबर

स्टाफरूममध्ये गुलाब मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय प्रभाकरराव, हुरडा कवा? मी शांतपणे म्हणालो, यंदा जरा कठीण दिसतं, तरी पाहू, रविवारी जमलं तर, पण नक्की असं काही धरू नका.

स्पष्ट नकार. गुलाब मास्तरांनी तर विषयच बदलला, शेतात गोवऱ्या आहेत का विचारू लागले.

२५ नोव्हेंबर, रविवार

सगळे आले. बायकापोरांसकट. गुलाब मास्तर जवसाची चटणी घरूनच घेऊन आले होते, म्हणजे कट आधीचाच. एकेक जण आगटीभोवती मांडी ठोकून बसला तो उन्हं उतरेपर्यंत. भाजलेलं कणीस पोत्यावर चोळून दाणे तोंडात टाकताना शिकल्यासवरलेल्या माणसांचे चेहरे पाहावेत. शिक्षकी पेशाची लाज वाटली.

मात्र संकल्प मोडलेला नाही. संकल्प बाहेरच्या लोकांसाठी होता, आणि स्टाफ काही बाहेरचा नव्हे.

संध्याकाळी कोकिळा भरताचं पातेलं घासत म्हणाली, रस्त्याकडची बाजू गेली. मी म्हणालो, रस्त्याकडची बाजू तशीही धुळीनं खराबच होते.

२७ नोव्हेंबर

कोकिळानं मायच्या जुन्या निळ्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि विहिरीला लागून असलेल्या शेवटच्या ओळीतल्या भरदार कणसांना बांधल्या. तिथं ओलावा जास्त, ती ओळ सगळ्यांत उशिरा पिकते. म्हणाली, पोरं असो, पाहुणे असो, या कनसाले कोनी हात नाई लावाचा. हे बियाण्याचे.

मी म्हणालो, चिंध्या बांधणं ही अडाणी पद्धत, मी आहे ना. म्हणाली, म्हनूनच बांधल्या.

मला टोमणे कळत नाहीत असा तिचा समज आहे. तसाच राहू दिला.

२ डिसेंबर, रविवार

आजचा प्रकार वेगळा. एक बस आमच्या शेतासमोरच पंक्चर झाली. स्टेपनी होती, पण ती बसवायला वेळ. माणसं खाली उतरली आणि धुऱ्याच्या बांधावर उभी राहून आमच्या पट्टीकडे पाहू लागली. मी ताडकन निघालो. आज सोक्षमोक्ष लावायचा. कोकिळा मागून म्हणाली, नाई म्हना फक्त. येवढंच म्हना.

जवळ गेलो. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, गुर्जी, वाणी हाय वाट्टे? बारा वर्साखाली खाल्ली होती. आता या माणसाला काय सांगणार? मी करड्या आवाजात म्हणालो, फक्त तुम्ही. फक्त एक कणीस.

मग त्यांची सून, मग सुनेची बहीण. शेवटी ड्रायव्हर हात धुऊन आला, त्याच्या हाताला ग्रीस होतं म्हणून कणसं मला चोळून द्यावी लागली. चाक कधीच बसलं होतं. कोणी उठायला तयार नाही. या देशात शिस्त येणं अशक्य आहे.

तरी एक नोंद करून ठेवतो. कंडक्टरनं मुलाबाळांसाठी घरी न्यायला कणसं मागितली, त्याला मी साफ नाही म्हणालो. त्यानं ऐकलं नसेल, बसचा आवाज होता. नेली त्यानं.

आता तीन ओळी उरल्या, आणि चिंध्यांची एक.

५ डिसेंबर

नवं धोरण. माणूस समोर असला की नाही म्हणावं लागतं. समोर नसलाच तर? रविवारी घरीच राहायचं नाही. कोकिळाला घेऊन पवनारला जाऊन येऊ. नदीकाठी बसू, शांत वाटेल. पाहुणे येतील, कुलूप पाहतील, परत जातील. कुलूप म्हणजे न बोललेलं नाही. गुप्तपणे अमलात आणायचं, म्हणून फक्त गुलाब मास्तरांना सांगितलं.

९ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी

पवनार छान. धामच्या पात्रात ऊन पडलं होतं. कोकिळा बऱ्याच दिवसांनी मोकळं बोलली. तिची माय समुद्रपूरच्या शेतात पहिलं कणीस भाजायची ते आधी बांधावर ठेवायची, मग लेकरांना द्यायची, असं सांगत होती. मी म्हणालो, काळजी करू नकोस. तिनं मान डोलावली. धोरण यशस्वी.

परतताना वर्ध्याच्या स्टँडवर बंडूजी भेटले. माझे चुलतभाऊ, वर्ध्याला कचेरीत आहेत. लांबूनच ओरडले, अरे दादा, यंदा हुरड्याचं बोलावनं नाई? इसरले का गरिबाले?

भर स्टँडवर, लोकांत. मी म्हणालो, वा, असं कसं, या ना, पुढच्या रविवारी या. बंडूजी म्हणाले, आमच्या सायबाले आनतो मंग, त्यायले लय हौस. मी म्हणालो, अवश्य.

कोकिळा शेजारीच उभी होती. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बसमध्ये खिडकीची जागा मी तिला देत होतो, ती घेतली नाही.

साहेबांच्या हातात माझं काहीच नाही. माझं खातं वेगळं, त्यांचं वेगळं. पण साहेब ते साहेब. हे बंडूजीसारख्या लाळघोट्या माणसाला कळणार नाही. तो साहेबांना घेऊन हिंडतो स्वार्थासाठी, मी बोलावलं ते तत्त्वासाठी.

११ डिसेंबर

बंडूजींना पोस्टकार्ड लिहायला बसलो. यंदा जमत नाही, साहेबांना कळवावे, असा मजकूर ठरवला. सुरुवात कुशल विचारून केली, कारण एकदम नाही लिहिणं बरं दिसत नाही. मग वहिनींची तब्येत, मुलांची परीक्षा. मग इकडची थंडी. थंडीवरून हुरड्याचा विषय आपोआप निघाला. कार्डाच्या शेवटी जागा कमी उरली, तेव्हा गाव कोणत्या फाट्यावरून आत वळतं आणि जीप कुठं उभी करावी तेवढं लिहिलं. टपालात टाकलं.

मजकूर नम्र आहे. वाचणारा सुज्ञ असेल तर समजेल.

१४ डिसेंबर

आज घरी रिहर्सल घेतली. कोकिळा नको म्हणत होती, तरी तिला खुर्चीवर साहेब म्हणून बसवलं. म्हटलं, तू विचार, मी नाही म्हणतो. तिनं पदर सावरला आणि विचारलं, काहो गुर्जी, थे चिंध्या बांधलेले कनसं खाऊ का?

मी म्हणालो, साहेब, त्याचं असं आहे, तसं पाहिलं तर, म्हणजे तुमच्यापेक्षा काही जास्त नाही, पण...

ती म्हणाली, मंग तोडू का?

मी म्हणालो, पहा, तुमची इच्छा.

ती खुर्चीवरून उठली. म्हणाली, मी बायको हाव तुमची, मलेबी नाई म्हनता येत नाई तुमाले?

हे चूक आहे. तिला मी रोज नाही म्हणतो. चाळणीचं उदाहरण ताजं आहे. मुळात तिचा अभिनयच साहेबासारखा नव्हता. खऱ्या साहेबांसमोर मी वेगळा असतो.

१६ डिसेंबर, रविवार. सायंकाळ

शांत डोक्यानं लिहितो.

साहेब आले. साहेब, बाईसाहेब, बाईसाहेबांचे भाऊ आणि बंडूजी. साहेब स्वभावानं चांगले, उगाच रुबाब नाही. मी आधीच ठरवलं होतं, उरलेल्या तीन ओळींत त्यांचं भागवायचं. कमी पडायला नको म्हणून सकाळीच तिन्ही ओळी तोडून सगळी कणसं आगटीत भाजायला घातली. पण त्या कणसांचा दाणा आता जून झालेला. साहेबांनी चार दाणे चावले आणि म्हणाले, थोडा कडक आहे, नाही का? म्हणून पुन्हा चावू लागले. बाईसाहेबांनी चटणीच खाल्ली. बंडूजींचा चेहरा पडला, जसं काही ज्वारी त्यांनीच पेरली होती.

मग साहेब पाय मोकळे करायला विहिरीकडे गेले. आम्ही मागे. तिथं शेवटची ओळ हिरवीगार उभी, आणि वाऱ्यावर निळ्या चिंध्या. साहेबांनी विचारलं, या कणसांना काय बांधलंय?

एवढाच प्रश्न होता. महिनाभर मी तयारी केली ती याच प्रश्नाची. उत्तर तोंडात होतं. साहेब, हे बियाण्याचं आहे. पुढे नाही शब्दाचीसुद्धा गरज नव्हती. मी सुरुवातीला थोडा खोकलो, घसा साफ असावा म्हणून.

तेवढ्यात बंडूजी म्हणाले, साह्येब, हे वयनीनं तुमच्यासाठी राखून ठेवले. कोनी हात लावू नये म्हनून मुद्दाम चिंध्या बांधल्या.

साहेब थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, खरं का, गुरुजी? इतकी वर्षं गावोगाव हिंडलो, पण माझ्यासाठी कोणी आपल्या हातानं असं काही बांधून ठेवलं नव्हतं. त्यांचे डोळे ओले झाले. बाईसाहेबांनीही पदर डोळ्यांना लावला.

अशा माणसाला नाही म्हणणं म्हणजे खून. माझी खात्री आहे, नत्थूजीनंही म्हटलं नसतं. म्हटलं असतं म्हणा, पण तो माणूसच नव्हे.

मी म्हणालो, हो. म्हणजे तसंच.

साहेबांनी कणसं दुसऱ्या कोणाला तोडू दिली नाहीत. स्वतःच्या हातानं एकेक गाठ सोडत होते आणि चिंधी घडी करून माझ्या हातात देत होते. माझी मूठ भरली. कोकिळा आगटीजवळ वांगी भाजत बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, चिमटा खाली ठेवला, उठली आणि घराकडे चालू लागली. बाईसाहेबांना मी सांगितलं, तिला डोकेदुखीचा त्रास आहे.

एक कणीस साहेबांनी स्वतः चोळून माझ्या हातावर ठेवलं. खाल्लं. फार गोड होतं.

१७ डिसेंबर

विचार केला असता दोष कोणाचाच नाही. असलाच तर बंडूजीचा. आणि काही अंशी कोकिळाचा, चिंध्या बांधल्या नसत्या तर साहेबांचं लक्षही गेलं नसतं. मी त्याच वेळी अडाणी पद्धत म्हणालो होतो, नोंद आहे.

नत्थूजींनी ओट्यावरून हटकलं. काहो गुर्जी, सायबानं बी खाल्लं म्हन्ते? मी म्हणालो, खाल्लं नाही, मी दिलं. म्हणाले, मांगतलं होतं का त्यायनं? मी म्हणालो, आपली संस्कृती न मागता देण्याची आहे. नत्थूजी म्हणाले, देल्लं त वयनीचं होतं जी.

या माणसाशी बोलणं कमी करायचं.

चिंध्या कोटाच्या खिशात राहिल्या होत्या. कोकिळानं खिसे तपासून काढून घेतल्या. राग गिळायला तिला जमतं, हा तिचा चांगला गुण.

२० डिसेंबर

कोकिळा काल समुद्रपूरला भावाकडे जाऊन आज परत आली. दोन बस बदलून. मायच्या घरी माळ्यावर वाणीचं एखादं जुनं गाडगं असेल अशी तिला आशा होती. गाडगं होतं, आत भुसा. किड्यांनी पोखरून टाकलेला. भाऊ म्हणाला, बाई, आता कोन खाते वाणी, हायब्रीड घेऊन जाय पोतंभर.

तिनं हे सगळं मला सांगितलं नाही. नत्थूजीच्या बायकोला सांगत होती, मी आतून ऐकलं.

२३ डिसेंबर, रविवार

आज पाहुणे आले नाहीत. आता देण्यासारखं काही नाही म्हटल्यावर कोण येणार? लोक ओळखतात माणसाला कधी त्रास द्यायचा आणि कधी नाही. ते काही असो, हंगामातला पहिला रविवार जेव्हा मी कोणालाही हो म्हणालो नाही.

दुपारी कोकिळानं एक छोटं गाडगं राखेनं घासून उन्हात पालथं घातलं. शेजारी कडुनिंबाचा पाला सुकत टाकला. सासूबाई बियाणं असंच ठेवत. मग माझ्याजवळ येऊन बसली. हळू विचारलं, काहो, एखांदं तरी कनीस राह्यलं असन का?

नाही. मला माहीत होतं. साहेब ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले होते, मी मागे मूठ पुढे करून होतो.

म्हणालो, असेल. एखादं असेलच. संध्याकाळी पाहून येतो.

२६ डिसेंबर

रोज संध्याकाळी शेतात जातो. विहिरीच्या कठड्यावर थोडा वेळ बसतो आणि परत येतो. कोकिळा दारात असते. सोमवारी सांगितलं, अंधार पडला, नीट दिसलं नाही. काल सांगितलं, एक दिसल्यासारखं वाटलं, पण पाखरानं हलवलं असावं. तिच्या चेहऱ्यावर उगाच काळोखी आणण्यात काय अर्थ? नाही म्हणणं म्हणजे काही वाटेल तिथं वाटेल तेव्हा फेकायचा दगड नव्हे. योग्य वेळ लागते. ती लवकरच येईल.

बंडूजींचं कार्ड आलं. साहेब अजून सगळ्यांना आमचं सांगतात म्हणे. आता ओला हरभरा भाजून खायला यायचं म्हणतात. हरभऱ्याला साफ नाही कळवायचं. आधी किती जण आहेत ते विचारून घेतो.

२८ डिसेंबर

वाणीची पट्टी कापून झाली. पेंढ्या बांधून कडबा धुऱ्यावर उभा केला. कोकिळानं विचारलं, पेंढ्याईत पाह्यलं का? मी म्हणालो, अजून नाही, उद्या एकेक सोडून पाहतो. ती म्हणाली, बरं.

गाडगं चुलीमागच्या फळीवर तयार आहे. आत निंबाचा पाला. गळ्याला निळी चिंधी.

३० डिसेंबर, रविवार. संध्याकाळी

शेतातून आलो. आज कोकिळानं काही विचारलं नाही. ती सुपात तांदूळ निवडत होती. मीच सांगायला सुरुवात केली, की खालच्या पेंढ्या अजून राहिल्यात, आणि खालच्याच पेंढ्यांत...

ती म्हणाली, नाई हाय.

तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, साह्येब गेले, त्याच सांजी मी आली पाहून. सारी ओळ पाह्यली. एकबी नाई हाय.

मी म्हणालो, मग रोज मला कशाला धाडत होतीस?

म्हणाली, मी कोठी धाडत होती? तुमीच जात होते. मले कनीस नोतं पाह्यजे. मले तुमच्या तोंडून नाई आयकाचं होतं. एक डाव.

मग तिनं सूप मांडीवरच ठेवलं आणि माझ्याकडे पाहत बसली. ती मला वेळ देत होती, हे माझ्या लक्षात आलं. शब्द छोटा आहे. सातवी ब ला मी तो रोज देतो. मी घसा साफ केला.

म्हणालो, नत्थूजीच्या धुऱ्याकडं एखादं पडलं असेल. उद्या पाहतो.

तिनं फळीवरचं गाडगं काढलं, पाला बाहेर झटकला, आणि त्यात मीठ भरून ठेवलं.